थंडीच्या आधी खिडक्या बदलायच्या आहेत (ठाणे) : काच कुठली, फ्रेम कुठली?

उपवनकाठ

नवरात्र संपलं की खिडक्यांचं काम काढायचं ठरवलंय. त्याआधी इथल्या जाणकारांचा सल्ला हवा आहे.

घर पोखरण रोड नंबर २ ला, सातव्या मजल्यावर. इमारत २००० सालच्या आसपासची आणि खिडक्या बिल्डरने दिलेल्या त्याच: अ‍ॅल्युमिनियमचं हलकं सेक्शन, दोन ट्रॅक, ४ मिमीची साधी काच. हॉल आणि आईची खोली पश्चिमेला, येऊरच्या डोंगराकडे तोंड करून. दुसरी बेडरूम आणि स्वयंपाकघर रस्त्याकडे. रोलर झिजलेत, शटर उचलून सरकवावं लागतं, लॉक नावापुरतं. पावसाळ्यात ट्रॅकमध्ये पाणी साचून आत येतं, ते फडकी लावून निभावून नेतो. पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे डोंगरावरून गार वारा उतरतो, तो बंद खिडकीतूनही थेट आईच्या अंगावर. आई ऐंशीच्या घरात आहे, गुडघे धरतात, खोकला उठतो. ठाण्याची थंडी ती काय, असं म्हणून हसू नका प्लीज.

दोन कोटेशनं आली आहेत. पहिला म्हणतो यूपीव्हीसी (कडक प्लास्टिक) फ्रेम आणि डबल काच घ्या, 'थंडी आत येणार नाही, एसीचं बिल अर्ध्यावर येईल, आवाज शून्य'. दुसरा म्हणतो अ‍ॅल्युमिनियम डोमल (सरकत्या खिडकीचं जाड सेक्शन) आणि ५ मिमी टफन (तापवून मजबूत केलेली) काच, बास झालं. दोघांच्या आकड्यांत जवळजवळ दुपटीचा फरक. डबल काचेचे पैसे खरंच वसूल होतात का? यूपीव्हीसी आपल्या उन्हात पिवळं पडतं का? बाहेरची ग्रील काढायची नाही, तिच्यावर आईची तुळस आहे आणि कबुतरांची जाळीही तिलाच बांधली आहे.

वडापाव_विथ_लसूण

ठाण्याची थंडी म्हणजे पंखा पाचावरून तीनावर. (हसू नका म्हणालात, म्हणून हसत नाहीये.)

जुना_नौपाडा

@वडापाव, मुंबईत सांताक्रूझला २२ जानेवारी १९६२ रोजी पारा ७.४ पर्यंत उतरला होता, तोच आजवरचा नीचांक. आणि येऊरच्या पायथ्याशी पहाटे ठाणे स्टेशनच्या बाजूपेक्षा गार असतं हे तिकडे सकाळी फिरायला जाणारा कुणीही सांगेल. सोळा-सतरा अंशांत म्हाताऱ्या माणसाला झोत लागला की लागतोच. उपवनकाठ, तुमचा प्रश्न रास्त आहे.

हिमरेषा

मी मूळची चरईतली, आता बरीच वर्षं मिनेसोटात. खिडक्या आणि थंडी हा इकडे दर सप्टेंबरचा विषय, म्हणून लिहिते. मात्र आधीच सांगते, इकडचं ज्ञान जसंच्या तसं ठाण्यात वापरू नका.

इथे जानेवारीत कडाक्याच्या रात्री उणे वीस-पंचवीस नेहमीचं. घरात वीस, बाहेर उणे वीस, म्हणजे काचेच्या दोन बाजूंना चाळीस अंशांचा फरक, आणि थंडी दिवसरात्र, काही महिने. म्हणून आम्ही यू-व्हॅल्यू बघतो, म्हणजे काच-फ्रेममधून उष्णता किती वेगाने निसटते तो आकडा. जितका कमी तितका चांगला. अमेरिकेतल्या एनर्जी स्टारचे खिडक्यांचे नवे निकष २३ ऑक्टोबर २०२३ पासून लागू झाले, त्यात उत्तरेकडच्या राज्यांसाठी यू-व्हॅल्यू ०.२२ च्या आत लागते. हे अमेरिकन एकक आहे. तुमच्याकडच्या एककात आणायला ५.६८ ने गुणा, सव्वाच्या आसपास येतं. त्यासाठी बहुतेक वेळा तिहेरी काच, आत आरगॉन वायू, लो-ई लेप (उष्णता परत फिरवणारा पातळ थर) असा सगळा सरंजाम लागतो. यावर अमेरिकेच्या केंद्र सरकारची करसवलत होती, खर्चाच्या ३० टक्के आणि खिडक्यांसाठी जास्तीत जास्त ६०० डॉलर. ती ३१ डिसेंबर २०२५ ला बंद झाली.

आणि आम्हाला हिवाळ्यात ऊन आत हवं असतं! दक्षिणेच्या काचेतून जितकं येईल तितकं बरं. तुम्हाला वर्षातले दहा महिने ते नको असतं. म्हणजे आपल्या दोघांच्या खिडक्या उलट्या स्वभावाच्या.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी. खिडकी बदलण्याआधी फटी शोधा. इकडे जुन्या घरांत लोक आधी चौकटीच्या कडा भरतात, रबर बदलतात. भाड्याच्या घरात तर काचेच्या आतून पारदर्शक प्लास्टिक ताणून हेअर ड्रायरने आवळतात. दिसतं बेंगरूळ, पण झोत थांबतो.

गणितमास्तर

हिमरेषा यांनी मुद्द्यालाच हात घातलाय. आता आकडे मांडतो, म्हणजे सेल्समनशी बोलताना उपयोग होईल. घोकायची गरज नाही, अंदाज यावा इतकंच.

पाच बाय चार फुटांची खिडकी घ्या. साधारण १.८५ चौरस मीटर. एकेरी साध्या काचेची यू-व्हॅल्यू ५.८ च्या आसपास, साध्या डबल काचेची (६ मिमी काच, १२ मिमी पोकळी, ६ मिमी काच) २.८ च्या आसपास.

तुमची जानेवारीची पहाट: बाहेर १६, आत २४. फरक ८ अंशांचा. एकेरी काचेतून निसटते सुमारे ८६ वॅट उष्णता, डबल काचेतून सुमारे ४१. म्हणजे डबल काचेने वाचले ४५ वॅट. खोलीत झोपलेला माणूस स्वतःच सत्तरेक वॅट बाहेर टाकत असतो. मिनेसोटात हीच खिडकी एकेरी असती तर ४३० वॅट गेले असते आणि सव्वाच्या यू-व्हॅल्यूला ९० च्या आसपास. तिथे डबल-तिहेरी काच का लागते ते कळलं ना?

आता फटी. झिजलेल्या स्लायडिंगमधून वाऱ्याच्या झोताबरोबर सेकंदाला दहा लिटर हवा शिरली असं धरा. ती आठ अंशांनी गार, म्हणजे ९६ वॅटचा फटका. काचेतून जाते त्याहून जास्त! शिवाय काचेतून जाणारी उष्णता अंगाला जाणवत नाही, झोत जाणवतो. आईंचा त्रास काचेचा नाही, फटींचा आहे.

आता तुमचा खरा शत्रू. आईंची खोली पश्चिमेला आहे म्हणालात. एप्रिलमध्ये चार-पाच वाजता पश्चिमेच्या उभ्या काचेवर चौरस मीटरला ६०० वॅटच्या घरात ऊन पडतं. त्यातलं किती आत येतं तो आकडा म्हणजे एसएचजीसी. साध्या काचेचा ०.८ च्या वर. गुणाकार करा: एका खिडकीतून ९०० वॅट. म्हणजे रोज दुपारी खोलीत एक इस्त्री तापत ठेवल्यासारखं. त्याच वेळी हवेच्या तापमानातल्या फरकाने (बाहेर ३५, आत २६) काचेतून येतात फक्त ९७ वॅट. डबल काचेने त्या ९७ चे ४७ होतील, पण साधी पारदर्शक डबल काच उन्हाचे ९०० काही फारसे कमी करणार नाही. एसएचजीसी ०.३ ची काच घेतली तर ९०० चे साडेतीनशेच्या आत येतात.

म्हणून ठाण्यात पहिला प्रश्न 'सिंगल की डबल' हा नाही. पहिला प्रश्न एसएचजीसी किती. जो विक्रेता यू-व्हॅल्यू सांगतो आणि एसएचजीसी विचारल्यावर कॅटलॉग चाळायला लागतो, तो थंड प्रदेशातलं पाठांतर म्हणून दाखवतोय.

'बिल अर्ध्यावर' तर विसराच. एका पश्चिमेच्या खिडकीला चांगली काच लावून चार तासांत दोन-सव्वादोन युनिटची उष्णता अडली, तरी एसीची वीज त्याच्या साडेतीन-एक पटीने कमी लागते. म्हणजे रोज पाऊण युनिटच्या आतच बचत, तीही एसी त्या वेळी चालू असेल तर. फायदा बिलात कमी आणि खोलीत बसवण्यात जास्त.

उपवनकाठ

बाप रे मास्तर, पुन्हा वाचतो. पण छज्जा आहे हो, दोन फुटी. तो ऊन अडवत नाही का?

गणितमास्तर

दक्षिणेला असता तर अडवलं असतं. ठाणे १९.२ अक्षांशावर, त्यामुळे मेच्या मध्यावर आणि जुलैच्या अखेरीस दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर (शून्य सावलीचे दिवस), तेव्हा दक्षिणेच्या खिडकीत ऊन शिरतच नाही. २२ डिसेंबरला दुपारी सूर्य जेमतेम ४७ अंशांवर, तेव्हा दोन फुटी छज्जा वरची दोन-सव्वादोन फुटं झाकतो आणि खाली ऊन येतं, जे हवंच असतं. दक्षिणवाल्यांना जाच होतो तो ऑक्टोबरमध्ये, ऊन तापलेलं आणि सूर्य खाली सरकलेला.

पश्चिमेला एप्रिलमध्ये पाच वाजता सूर्य २५-२७ अंशांवर, अगदी समोर. दोन फुटी छज्जाची सावली जेमतेम फूटभर. तुमच्या नशिबाने येऊरचा डोंगर सूर्याला जरा लवकर गिळतो, तेवढीच सुटका.

पूर्वेची_गच्ची

गणित नको, अनुभव घ्या. आमच्याकडे कोपरखैरण्याला पश्चिमेच्या बाल्कनीत बांबूची चिक सोडतो, बाहेरून. दुपारी खोलीत पाऊल टाकलं की फरक कळतो. ऊन काचेच्या आत आल्यावर जाड पडदे ओढून काय उपयोग, उष्णता घरात शिरलेली असते. आईंच्या खिडकीला ग्रील बाहेर आहे म्हणता, मग ग्रीलच्या आतून चिक टांगा. खर्च डबल काचेच्या तुलनेत नगण्य. पावसाळ्यात काढून ठेवायची, एवढंच काम.

कळव्याचा_कारागीर

मी याच धंद्यात आहे, पण ठाण्यात तुमच्या बाजूला काम घेत नाही, त्यामुळे जाहिरात समजू नका.

काचेवर सगळे बोलतात, पाणी येतं फ्रेममधून. आणि फ्रेम चांगली असली तरी बसवण्यात जाते. तुमच्या बिल्डिंगीत खिडकीला आतून-बाहेरून ग्रॅनाइट किंवा कडप्प्याची चौकट असेल. जुनी फ्रेम उखडताना ती हलते, तिच्यामागे पोकळी राहते. कारागीर वरून सिलिकॉनची एक जाड रेघ ओढून मोकळा होतो. पहिल्या पावसाळ्यात भिंतीला ओल. खालच्या पट्टीला बाहेरच्या बाजूला उतार आहे का, तो स्पिरिट लेव्हल लावून बघा. उतार आतल्या बाजूला असेल तर हजार रुपये फुटाची खिडकी लावली तरी पाणी घरातच येणार. फ्रेम आणि दगड यांच्यातली फट आधी फोम किंवा बॅकर रॉडने (फोमची दोरी) भरायची आणि त्यावर वेदर सिलिकॉन. बाथरूमचं स्वस्त सिलिकॉन बाहेर चालत नाही. आणि जागा कोरडी पाहिजे. म्हणून दिवाळीच्या पुढे-मागे काम करायचं ते बरोबर आहे. फक्त दिवाळीच्या आधीचे दोन-तीन आठवडे सगळ्यांनाच काम पाहिजे असतं, हात उरकता घेतात. तुळशीच्या लग्नानंतर करा, माणसं निवांत असतात, आणि थंडी काही डिसेंबरच्या आधी येत नाही.

खालच्या ट्रॅकला बाहेर पाणी जायची भोकं असतात, वीप होल. कित्येक ठिकाणी ती सिलिकॉनने बुजवलेली सापडतात, कारण कुणीतरी 'इथून हवा येते' म्हणून सांगितलेलं असतं. ती बुजवू नका. मग्गाभर पाणी ट्रॅकमध्ये ओतून बघा, बाहेर गेलं पाहिजे. कामाचे शेवटचे पैसे या परीक्षेनंतरच द्यायचे.

यूपीव्हीसीबद्दल. चांगलं प्रोफाइल उन्हात टिकतं, त्यात त्यासाठी टायटॅनियम डायऑक्साइड असतं. हलकं प्रोफाइल पिवळट पडतं, ठिसूळ होतं. कापलेला तुकडा मागा आणि आत बघा: भिंतीची जाडी किती, कप्पे किती, आत गॅल्व्हनाइज्ड पोलादाची पट्टी आहे की नाही. मोठ्या शटरला पोलाद नसलं तर दोन उन्हाळ्यांत वाकतं आणि लॉक बसेना होतं. कोपरे वितळवून जोडलेले असतात, त्यामुळे तिथून गळत नाही, हा यूपीव्हीसीचा मोठा फायदा. अ‍ॅल्युमिनियमचे कोपरे स्क्रूवर, तिथे सिलिकॉन नीट गेलं नाही तर गळती. पण अ‍ॅल्युमिनियम वाईट नाही. जाड सेक्शन, पावडर कोटिंग, चांगले रोलर असले तर वर्षानुवर्षं जातं. फ्रेममधून उष्णता जाते म्हणतात ते खरं, पण मास्तरांच्या गणिताने आपल्याकडे आठ-नऊ अंशांच्या फरकात त्याचं काय मोठं.

आता महत्त्वाचं: स्लायडिंगमध्ये ब्रशची पाईल असते, ती कितीही नवी असली तरी वारा पूर्ण थांबवत नाही. दरवाजासारखी उघडणारी केसमेंट खिडकी रबरावर दाबून बसते, ती थांबवते. पण तुमची ग्रील बाहेर, म्हणजे शटर बाहेर उघडणार नाही. आत उघडलं तर पडदा आणि पलंग आडवे येतात. आईंच्या एका खोलीपुरतं आत उघडणारं टिल्ट-अँड-टर्न घ्या. ते वरून चार बोटं आत कलतं, हवा येते, झोत येत नाही. बाकी घरात स्लायडिंगच ठेवा. सगळ्या घराला एकच माल लावला पाहिजे असं कुणी सांगितलंय?

सानपाडा_स्लो

कारागीर यांचा प्रतिसाद छापून फ्रिजवर लावण्यासारखा आहे. आमच्याकडे हार्बर लाइन खिडकीसमोर. आवाजाबद्दल मी जे करून बसलोय ते सांगतो.

डबल काच म्हणजे आवाज बंद, हे अर्धसत्य. १२ मिमीची पोकळी हॉर्न आणि बडबडीला थोडी मदत करते, पण ट्रक आणि ट्रेनचा घरघराट तिला जुमानत नाही. त्यापेक्षा लॅमिनेटेड काच, मध्ये पीव्हीबीचा (एक प्लास्टिक) थर असलेली. आणि डबलच घ्यायची तर दोन काचा वेगवेगळ्या जाडीच्या, म्हणजे दोन्ही एकाच सुरावर थरथरत नाहीत. आम्ही याहून सोपं केलं. भिंत नऊ इंची होती, जुनी खिडकी तशीच ठेवून आतल्या बाजूला दुसरी बसवली, मध्ये चार इंच हवा. आवाजाला हा इलाज सगळ्यात भारी, आणि झोतही आपोआप गेला. तोटा: दोन खिडक्या पुसायच्या आणि मधल्या जागेत धूळ.

उलवे_सेक्टर

अवांतर: आमच्याकडे नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडायला लागल्यापासून बिल्डिंगमध्ये रोज एक फॅब्रिकेटर दिसतो. सानपाडा, तुमचं 'आतून दुसरी खिडकी' वाचून बायकोला पाठवलं. उत्तर आलं, 'आणि पुसणार कोण?'

कमिटी_मेंबर_नाइलाजाने

सोसायटीच्या बाजूने. सचिवाला आधी लेखी अर्ज द्या, बाहेरून दिसणारा रंग आणि विभागणी बाकीच्यांसारखी राहील हे त्यात लिहा. आमच्याकडे एकाने काळी चकचकीत आरशासारखी काच लावली, समोरच्या इमारतीतल्या आजींच्या देवघरात दुपारचं ऊन परावर्तित होऊन जायला लागलं. तीन सभा त्यावर झाल्या. शेवटी काच बदलावी लागली. ग्रीलबद्दल एक सूचना: कुलूप असलेली उघडती झडप नसेल तर याच कामात करून घ्या आणि किल्ली खिडकीजवळ, घरातल्या सगळ्यांना ठाऊक असेल अशी ठेवा. आग लागल्यावर बंद पिंजऱ्यातून कुणाला काढता येत नाही.

रात्रपाळी_सिस्टर

सगळे 'फटी बुजवा' म्हणताय म्हणून मुद्दाम लिहिते. मी इस्पितळात काम करते.

बाथरूममध्ये गॅस गीझर असेल तर त्या खिडकीच्या लूव्हर काचा बंद करू नका, एक्झॉस्टचं भोक बुजवू नका. गॅस जळायला हवा लागते, ती कमी पडली की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. माणूस आंघोळीला जातो आणि बाहेर येत नाही. या घटना हिवाळ्यातच जास्त होतात, कारण थंडी म्हणून सगळं बंद केलेलं असतं आणि पाणी जास्त वेळ तापवलेलं असतं. खरं तर गॅस गीझर बाथरूमच्या बाहेर, हवेशीर जागेतच हवा. स्वयंपाकघराचंही तेच. शेगडी पेटलेली असताना खिडकी थोडी उघडी हवी.

आणि आजींच्या खोलीत रात्रभर दार-खिडकी घट्ट बंद करून चालणार नाही. झोत नको, पण हवा हवी. ते वरून कलणारं शटर म्हणूनच मला पटलं.

उपवनकाठ

सिस्टर, मनापासून आभार. आमच्याकडे गॅस गीझरच आहे आणि दुसऱ्या कोटेशनमध्ये 'बाथरूमची लूव्हर काढून फिक्स काच' असं लिहिलेलं होतं! ते आजच खोडलं.

वास्तुविशारद_फुरसतीत

सिस्टरांच्या मुद्द्याला जोड. ऊर्जा दक्षता ब्यूरोने २०१८ मध्ये घरांसाठी 'इको निवास संहिता' आणली. त्यात आपल्यासारख्या उष्ण-दमट हवामानासाठी उघडणाऱ्या खिडक्यांचं क्षेत्र घराच्या जमिनीच्या किमान १६.६६ टक्के मागितलं आहे, थंड प्रदेशासाठी मात्र ८.३३ च पुरतं. म्हणजे आपल्याकडे उघडणं हेच खिडकीचं मुख्य काम मानलंय. दोन ट्रॅकची स्लायडिंग फक्त अर्धी उघडते. नवी करताना कुणी 'मधली काच फिक्स ठेवू, स्वस्त पडेल' म्हणालं तर ऐकू नका.

त्याच संहितेत काच किती काळी असावी यालाही खालची मर्यादा आहे. भिंतीच्या ३० टक्क्यांपर्यंत खिडक्या असतील तर काचेतून निदान २७ टक्के उजेड यायला हवा. ही नव्या बांधकामांसाठी आहे, तुमच्या दुरुस्तीला लागू नाही, पण आकडा शहाणपणाचा आहे. ऊन टाळायच्या नादात दिवसा ट्यूबलाइट लावायची वेळ आणू नका.

उपवनकाठ

काल रात्री उदबत्ती घेऊन खिडकीभर फिरलो. पंखे बंद, बाहेर बऱ्यापैकी वारा. काचेच्या कडांना धूर सरळ वर. दोन शटर मधोमध जिथे एकमेकांवर येतात त्या उभ्या पट्टीला धूर आडवा झाला, आणि खाली उजव्या कोपऱ्यात तर उदबत्तीचं टोक लालभडक व्हायला लागलं. तिथली ब्रशची पट्टी नावालाही शिल्लक नाही, नुसती खाच उरलीये. आई म्हणाली, 'देवाला फिरवतोस तशी फिरव, पुण्य तरी लागेल.'

तर आईच्या खोलीला आत कलणारी यूपीव्हीसी, कमी एसएचजीसीची काच, बाहेर बांबूची चिक. हॉलला अ‍ॅल्युमिनियम स्लायडिंग. रस्त्याकडच्या बेडरूमला लॅमिनेटेड. स्वयंपाकघराला फक्त नवे रोलर आणि पाईल, फ्रेम तीच.

एक शंका. विक्रेता म्हणतो आईच्या खिडकीला 'लो-ई' एकेरी काच देतो, डबलची गरज नाही. चालेल?

कळव्याचा_कारागीर

लेप कुठल्या जातीचा ते विचारा. काच बनतानाच गरम असताना बसलेला कडक लेप एकेरी काचेत चालतो. चांदीचा मऊ लेप असेल तर तो सीलबंद डबल काचेच्या आतच हवा. आपल्या दमट हवेत उघडा राहिला की डागाळतो, आणि पुसताना ओरखडे. बरेच दुकानदार दोन्हीला 'लो-ई' एवढंच म्हणतात, म्हणून बिलावर काचेचं पूर्ण नाव आणि एसएचजीसी लिहून घ्या.

डबलच घ्यायची ठरली तर लेप कुठल्या बाजूला आला ते तपासा. बाहेरून मोजायचं: पहिली काच, बाहेरची बाजू एक, आतली दोन, दुसरी काच, तीन आणि चार. आपल्याकडे लेप दोन नंबरवर हवा, म्हणजे ऊन बाहेरच्या काचेतच अडतं. थंड देशात घरातली ऊब राखायला तीनवर लावतात. काच उलटी बसवली तरी नुसत्या डोळ्याला दिसत नाही. रात्री आतून काचेसमोर काडी किंवा लायटर धरा, ज्योतीची चार प्रतिबिंबं दिसतील. तीन सारखी, एक वेगळ्या रंगाचं. आतून मोजताना ते तिसरं दिसलं पाहिजे.

स्थानिक दुकानात जोडलेली डबल काच घेऊ नका. दोन काचांमध्ये कडेने ओलावा शोषणाऱ्या दाण्यांची पट्टी असते आणि बाहेरून दोन सील. सील कच्चं असलं की दोन पावसाळ्यांत आत बाष्प धरतं, ते पुसता येत नाही, आख्खी काच बदलावी लागते. फॅक्टरीत सील केलेली आणि सीलची लेखी हमी असलेलीच घ्या. टफन काच ऑर्डर करण्याआधी माप मीच घेतलं असं कारागिराकडून सही करून घ्या. ती नंतर कापता येत नाही, अर्धा इंच चुकली की गेली.

हिमरेषा

आमच्या खिडकीला हिवाळ्यात आतून बाष्प धरतं, तुमच्या एसीच्या खोलीला पावसाळ्यात बाहेरून धरेल. ते बाहेरून दिसलं तर घाबरू नका. गार काच आणि बाहेरची दमट हवा, इतकंच आहे. दोन काचांच्या मध्ये दिसलं तरच विक्रेत्याला फोन.

वडापाव_विथ_लसूण

मी थट्टा करायला आलो होतो, आता उदबत्ती शोधतोय. एक व्यावहारिक प्रश्न: जुनं अ‍ॅल्युमिनियम फॅब्रिकेटर 'आम्हीच उचलतो' म्हणतात, ते फुकट का द्यायचं?

कळव्याचा_कारागीर

द्यायचं नाही. काच काढून किलोवर वजन करायचं, तेही तुमच्यासमोर, आणि कोटेशनमधून वजा करायचं. तुमच्यासमोर काटा लावायला कुणी नाही म्हणालं तर खालच्या भंगारवाल्याला बोलवा, तो पायऱ्या चढून येतो.

उपवनकाठ

लिहून घेतलं. तुळशीचं लग्न झालं की काम सुरू. मग्गाभर पाण्याचं काय झालं ते इथेच कळवतो.